गणवेशाची कात्रणे, रुबिया आणि जुने धोतर: मास्कसाठी कोणते कापड, किती पदर?

रोठावाडी (श्रीवर्धन तालुका), २८ जून २०२०

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे घरी पायमशीनवर ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवते. एरवी मे महिन्यात मला मान वर करायला फुरसत नसते. यंदा कोरोनामुळे शाळाच उघडलेली नाही, त्यामुळे गणवेशासाठी आणलेल्या निळ्या टेरीकॉटचे तुकडे, मागच्या तीन-चार वर्षांची कात्रणे आणि ब्लाउजपिसांतून उरलेल्या टू बाय टू रुबियाचे एक मोठे बोचके तसेच पडून आहे. शिवाय सासऱ्यांची चार जुनी धोतरे आहेत आणि मांजरपाटाचा दोन मीटरचा कोरा तुकडा आहे.

३ जूनच्या निसर्ग वादळात आमच्याकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. पडलेली झाडे तोडून वाडी मोकळी करायला रोज दहा-बारा माणसे एकत्र येतात, दोर लावून खांद्याला खांदा भिडेल इतक्या जवळून खोडे ओढतात, आणि त्यांच्या तोंडाला असतो तो नुसता रुमाल, जो दर पाच मिनिटांनी गळ्यात उतरतो. या माणसांसाठी आणि घरच्यांसाठी मिळून चाळीसेक मास्क शिवायचे मी मनावर घेतले आहे.

अडचण अशी की पहिल्या खेपेला मी टेरीकॉटचे दोन पदर घेऊन सहा मास्क शिवले. दिसायला ते नीटनेटके झाले होते, पण वाडीत काम करणारे एक काका दुपारी मास्क हातात घेऊनच परत आले. घामाने तो इतका भिजला होता की पिळला तर पाणी निघाले असते. ते म्हणाले, "पोरी, ह्यात श्वासच मिळत नाही गो." दुसऱ्या खेपेला धोतराचे दोन पदर घेतले. त्यात श्वास सहज मिळतो, पण खिडकीसमोर धरले तर बाहेरचे माडाचे झाड स्पष्ट दिसते. मग त्याचा उपयोग तो काय?

माझ्याकडच्या कापडांपैकी कोणते कुठल्या पदराला वापरावे आणि किती पदर घ्यावेत, हे जाणकारांनी सांगावे. इलास्टिक तालुक्याच्या गावातही मिळत नाही. सासूबाईंच्या चष्म्यावर वाफ जमते, म्हणून त्या मास्क नाकाखाली ओढून घेतात. वीज अजून आलेली नाही आणि पाऊस थांबत नाही, त्यामुळे धुतलेले मास्क वाळवायचे कसे, हाही प्रश्न आहे.

उभा-आडवा धागा (इचलकरंजी)

ताई, मी वस्त्रोद्योगाचे शिक्षण घेतले असून पंधरा वर्षे विणकामाच्या कारखान्यात आहे, म्हणून कापडाच्या अंगाने लिहितो. तुमच्या दोन्ही खेपा फसल्या त्या एकाच कारणाच्या दोन टोकांमुळे. मास्कच्या कापडाने दोन कामे करायची असतात: श्वासाबरोबर बाहेर पडणारे थेंब अडवायचे आणि हवा जाऊ द्यायची. टेरीकॉटमध्ये पॉलिएस्टरचे प्रमाण पुष्कळ असते आणि पॉलिएस्टर पाणी पीत नाही. त्यामुळे घाम आणि श्वासाची वाफ कापडात मुरण्याऐवजी धाग्यांच्या मधल्या फटींत साठते आणि हवेची वाट बुजते. धोतराची वीण मुळातच विरळ, आणि वर्षानुवर्षांच्या धुण्याने ती अधिकच सैल झालेली असते.

तुमच्या बोचक्यात या प्रश्नाचे उत्तर आधीच आहे, फक्त कापडांचा क्रम लावायला हवा. ५ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कापडी मास्कविषयी नवे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात तीन पदर सुचवले आहेत: तोंडाला लागणारा पदर ओल शोषणारा, म्हणजे सुती, बाहेरचा पदर पाणी न शोषणारा, म्हणजे पॉलिएस्टर किंवा मिश्र धाग्याचा, आणि मधला पदर न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा (एक प्रकारचे प्लास्टिक) किंवा सुतीच. म्हणजे जे टेरीकॉट दोन्ही बाजूंना लावून तुम्ही फसलात, तेच एकपदरी बाहेरून लावले तर योग्य जागी बसते. आत रुबिया आणि मध्ये धुतलेला मांजरपाट, अशी जोडणी करून पाहा. बाहेर निळे आणि आत पांढरे कापड असले की मास्कची बाजू चुकत नाही, हा आणखी एक फायदा, कारण काढून ठेवलेला मास्क उलटा लावणे ही सर्रास होणारी चूक आहे.

मात्र रुबियाची परीक्षा घेतल्याशिवाय ती आत वापरू नका. टू बाय टू या नावाचा अर्थ एवढाच की उभा आणि आडवा दोन्ही धागे दुहेरी पिळाचे आहेत. ते सुताचेच असतील याची हमी त्या नावात नाही, आणि स्वस्त रुबियात पॉलिएस्टर मिसळलेले असते. प्रत्येक तुकड्याच्या दशीतून एक धागा ओढा, चिमट्यात धरा आणि काडीपेटीच्या ज्योतीला लावा. सूत असेल तर जळलेल्या कागदासारखा वास येतो आणि बोटाने चुरली जाणारी मऊ राख उरते. पॉलिएस्टर असेल तर धागा ज्योतीपासून आक्रसत मागे जातो आणि टोकाला काळा, टणक मणी बनतो. मिश्र धाग्यात राखेबरोबर खडे लागतात. मणी किंवा खडे लागले तर तो तुकडा बाहेरच्या पदरासाठी बाजूला काढा.

विणीची परीक्षा तुम्ही खिडकीसमोर केलीत, ती योग्यच आहे. त्याला श्वासाची जोड द्या: ठरवलेले सगळे पदर एकत्र तोंडावर घट्ट धरून एक मिनिट जरा जोरात श्वास घ्या. आत ओढताना कापड ओठांना चिकटत असेल आणि छाती भरत नसेल, तर माणूस खोड ओढताना तो मास्क नक्की काढणार. गणवेशाच्या पॅंटचे जाड सूटिंग, कॅनव्हास आणि जीन्स या कामाला घेऊ नयेत. त्यांतून हवा जातच नाही, ती गालांच्या बाजूने निसटते.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबतो, कारण सगळी चर्चा पदरांवर होते आणि कडेकडे कुणी पाहत नाही. शिकागो विद्यापीठ आणि आर्गोन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी याच वर्षी एप्रिलमध्ये निरनिराळ्या कापडांच्या गाळण्याच्या क्षमतेवर अभ्यास प्रसिद्ध केला. घट्ट विणीचे सुती कापड त्यात चांगले ठरले, पण मास्क नीट न बसल्यामुळे राहणाऱ्या फटींनी ही क्षमता साठ टक्क्यांहून अधिक घसरू शकते, असेही त्यांना आढळले. दहा इंची नळाला कितीही चांगली गाळणी लावली आणि शेजारी भोक ठेवले, तर पाणी भोकातूनच जाणार. तुमच्या सासूबाईंच्या चष्म्यावरची वाफ तुम्हाला हेच सांगते आहे की नाकाच्या दोन्ही बाजूंना फट आहे आणि त्यांचा अर्धा श्वास कापडातून जातच नाही.

शिवणवर्ग, मिरज

मी गेली पंचवीस वर्षे शिवण शिकवते. वरच्या उत्तराशी सहमत आहे. आता मशीनवर बसल्यावर काय करायचे ते सांगते.

सगळे कापड कापण्याआधी गरम पाण्यातून काढा. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, ती निघून जाईपर्यंत त्यातून श्वासही नीट जात नाही आणि ते पहिल्या धुण्याला आटते. रुबिया आणि टेरीकॉट वेगवेगळे आटले तर शिवलेल्या मास्कला सुरकुत्या पडून कडा उचलल्या जातात. प्रौढ माणसासाठी आठ इंच रुंद आणि सात इंच उंच असे तीन तुकडे कापा. कडेने पाव इंच शिवण आणि तीन अर्ध्या इंची चुण्या धरल्या की तयार मास्क साधारण साडेसात बाय साडेतीन इंचांचा होतो आणि चुण्या उघडल्यावर हनुवटीच्या खालपर्यंत उतरतो. चुण्यांची तोंडे बाहेरच्या बाजूने खाली यायला हवीत. तुमच्याकडे करवतीचा भुसा उडतो, तो वर तोंड असलेल्या चुण्यांच्या घडीत साठून राहील.

बाजूच्या शिवणीला जपून राहा. चुणीच्या जागी कापड तिहेरी होते, तुमचे पदर तीन, म्हणजे नऊ जाडी. त्यावर नाडीची दुमडलेली पट्टी आली की चार आणखी, म्हणजे सुईखाली एकूण तेरा पदर येतात. अकरा नंबरची सुई तिथे मोडेल. बाकी मास्क बारीक सुईने शिवा, पण ही कड सोळा नंबरच्या सुईने, टाका मोठा करून आणि पाय न चालवता चाक हाताने फिरवत शिवा. चुण्या एकावर एक न आणता किंचित सरकवून घातल्या तर जाडी विभागली जाते.

इलास्टिक नाही याचे वाईट वाटून घेऊ नका. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला डोक्यामागे बांधायच्या नाड्याच बऱ्या, कारण कानावरचे इलास्टिक कान कापते आणि घामाने लवकर सैलही पडते. दीड इंच रुंद आणि छत्तीस इंच लांब अशा दोन पट्ट्या धोतराच्या काठाला समांतर कापा, चौपदरी दुमडा आणि मास्कच्या दोन्ही उभ्या कडा त्यांत धरून टोकापासून टोकापर्यंत शिवा. वरची गाठ डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर आणि खालची मानेवर येते. उरेप (तिरकी कापलेली) पट्टी वापरू नका. ती ताणते आणि दोन धुण्यांत वीतभर लोंबते. लहान मुलांसाठी जुन्या टी-शर्टचे आडवे, इंचभर रुंदीचे फेर कापून दोन्ही हातांनी ओढा. कापड स्वतःभोवती गुंडाळून गोल दोरी होते, आणि ती कानाला लागत नाही. टी-शर्टचे कापड मास्कच्या अंगाला मात्र नको, कारण ताणले की त्याची छिद्रे मोठी होतात. दोन वर्षांखालच्या बाळाला तर मास्क लावूच नये.

नाकासाठी वरच्या कडेला पाऊण इंची बोगदा शिवून त्यात चार इंच तांब्याची बारीक तार घाला. लोखंडी तार गंजते आणि तिचे डाग जात नाहीत. तारेची दोन्ही टोके पक्कडीने मागे वळवून गोल करा, नाही तर ती कापडातून बाहेर येऊन नाकाला लागतात. जुन्या फायलीत कागद अडकवायची मऊ पत्र्याची पट्टी असते, तीही उत्तम चालते. फट राहिली का हे पाहायला मास्क बांधून नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्याखाली, कोरडी स्टीलची वाटी धरा आणि श्वास सोडा. वाटी जिथे धुरकट होते तिथे तार आणखी दाबा. माझ्या विद्यार्थिनींना मी हे करून दाखवते, आणि त्यानंतर कुणीही नाकाची तार गाळत नाही.

दोन ओंजळी (डोंबिवली)

वरील माहिती उपयुक्त आहे, पण माझ्या मते तीन पदर कमी पडतील. आम्ही घरी पाच पदर घेतो आणि मध्ये जुन्या कापडी दिसणाऱ्या कॅरीबॅगचा तुकडाही घालतो. सुरक्षितता जितकी जास्त तितकी चांगली. त्या बॅगा धुतल्या तरी टिकतात, त्यामुळे ताईंनी त्या जरूर वापराव्यात.

उभा-आडवा धागा (इचलकरंजी)

आपली काळजी समजते, पण पाच पदरांनी सुरक्षितता वाढेलच असे नाही. पदर वाढले की कापडातून जायला हवेला अडथळा होतो आणि ती कडेने वाट काढते. शिवाय सुईखाली तेराच्या जागी एकोणीस पदर येतील, आणि तेवढ्या जाडीची कड गालावर टेकत नाही.

कॅरीबॅगेविषयी सविस्तर लिहायला हवे. आपल्या राज्यात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत या बॅगाही आल्या, म्हणून त्या घरोघरी घडी करून पडून आहेत. त्या न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि मधल्या पदराला तेच सुचवलेले आहे, हे खरे. पण प्रत्येक बॅग घेऊ नये. हे प्लास्टिक उन्हाने कुजते. गच्चीत किंवा खिडकीत राहिलेली बॅग हातात चुरून पाहा. बोटांना पांढरी पूड लागली किंवा कापड टरकन फाटले, तर ती पूड श्वासाबरोबर छातीत जाईल. गडद छपाई असलेला भागही नको. आतून कोरी आणि चिवट राहिलेली बॅग चालेल, पण ती शिवून टाकू नका. आतल्या दोन सुती पदरांमध्ये एका बाजूला तीन इंचांची फट ठेवून खिसा करा आणि तुकडा त्यात सरकवा.

सुटा ठेवण्याचे कारण असे: केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरगुती मास्कसाठी जी पुस्तिका काढली, तिच्यात साबणाच्या गरम पाण्याने धुऊन किमान पाच तास कडक उन्हात वाळवायला सांगितले आहे. ते सुती कापडासाठी योग्यच आहे, पण रोजच्या पाच तासांच्या उन्हाने या मधल्या तुकड्याचा हळूहळू भुगा होईल. इस्त्री लागली तर तो वितळून कापडाला चिकटतो. कापड उन्हात, तुकडा सावलीत, असे दोन्ही वेगळे वाळवावेत.

वाडीत खोडे ओढणाऱ्यांसाठी मी हा तुकडा सुचवणार नाही. त्यांना टेरीकॉट आणि रुबिया असे दोनच पदर आणि चेहऱ्यावर घट्ट बसलेली कड द्या. पूर्ण दिवस नाकावर राहिलेले दोन पदर हे गळ्यात लोंबणाऱ्या पाच पदरांपेक्षा अधिक उपयोगी आहेत. आणि प्रत्येकाला दिवसाला दोन मास्क असावेत, म्हणजे भिजलेला मास्क जेवणाच्या सुट्टीत बदलता येईल.

नाशिककर

एक छोटी पण महत्त्वाची विनंती. मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो. कानामागे अडकवायच्या इलास्टिकमुळे मास्क काढताना यंत्र ओढले जाते. एकदा ते रस्त्यावर पडले आणि मला समजलेच नाही, मागून येणाऱ्या मुलाने उचलून दिले. आपल्या घरात किंवा गावात असे ज्येष्ठ असतील तर त्यांच्यासाठी डोक्यामागे बांधायच्याच नाड्या ठेवाव्यात. गाठ मारायला हात थरथरत असतील तर वरच्या नाडीची आधीच मापाची गाठ मारून ठेवावी, म्हणजे ती टोपीसारखी वरून चढवता येते आणि फक्त खालची बांधावी लागते.

रोठावाडी (श्रीवर्धन तालुका), ९ जुलै २०२०

सर्वांचे मनापासून आभार. लिहायला उशीर झाला, कारण मोबाइल चार्ज करायला अजूनही जनित्र असलेल्या घरी जावे लागते.

काडीपेटीची परीक्षा घेऊन बोचके निवडले तेव्हा मलाच धक्का बसला. ज्या पांढऱ्या रुबियाला मी अकरा वर्षे सुती म्हणत होते, तिच्या सात तुकड्यांपैकी चारांच्या टोकाला काळा मणी आला. पिवळी आणि मोतिया रंगाची रुबिया मात्र शुद्ध सुताची निघाली, ती आतल्या बाजूला घेतली. धोतरांचा मधला भाग विरलेला होता. काठालगतची दोन वितींची पट्टी घट्ट राहिली होती, तिच्या नाड्या केल्या.

वाडीतल्या माणसांसाठी दोनपदरी अठ्ठावीस आणि घरच्यांसाठी तीनपदरी दहा मास्क शिवून झाले. पहिल्या दिवशी बाजूच्या कडेवर माझी एक सुई मोडली, तेव्हा मिरजेच्या ताईंचे म्हणणे आठवले आणि सोळा नंबरची लावून चाक हाताने फिरवले. वेळ जातो, पण शिवण सरळ येते. तांब्याची तार वादळात पडलेल्या घराच्या जुन्या पंख्यातून मिळाली. ती फार बारीक होती म्हणून तीन तारांचा पीळ घातला. वाटी धरून पाहिली तेव्हा सासूबाईंच्या उजव्या डोळ्याखाली धुरकट डाग आला. त्यांचे नाक त्या बाजूला जरा बसके आहे. तिथे आतून रुबियाची दुहेरी घडी शिवून भर दिली आणि चष्मा स्वच्छ राहिला. काल त्या पूर्ण आरतीभर मास्क लावून बसल्या.

वाळवण्यासाठी हा मार्ग काढला आहे: संध्याकाळी मास्क साबणाने धुऊन मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटे उकळते, पंच्यात गुंडाळून पिळते आणि चुलीच्या बाजूच्या भिंतीला दोरीवर लावते. धूर थेट लागू नये म्हणून दोरी चुलीच्या वर न बांधता बाजूला बांधली, तरी थोडा वास येतोच. सकाळी कोळशाच्या इस्त्रीने दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दोनपदरी मास्क पूर्ण कोरडा होतो. तीनपदरी मास्कच्या चुण्यांच्या घडीत मात्र ओल राहते, म्हणून घरच्या प्रत्येकासाठी तिसरा मास्क शिवायला घेतला आहे.

ज्या काकांनी पहिला मास्क परत आणला होता, त्यांना नवा दिला. तिसऱ्या दिवशी ते आपल्या भावासाठी मागायला आले. त्यांच्या भावाला दाढी आहे, आणि दाढीवर कड नीट टेकत नाही. खालून हवा निसटते हे वाटीवर दिसले. खालची कड दीड इंच वाढवून हनुवटीखाली चुणी घालावी की खालच्या कडेतून नाडी ओवून ती आवळता येईल अशी करावी, हे मिरजेच्या ताईंनी सांगितले तर उद्याच कापायला घेते.

शिवणवर्ग, मिरज

ताई, नाडी ओवा. चुणी घातली तर केसांवर कापड फुगून उभे राहते. खालची कड एक इंच वाढवून कापा, अर्ध्या इंची नेफा शिवा आणि खालच्या बांधायच्या नाडीचीच दोन्ही टोके त्यातून ओवून मानेमागे घ्या, म्हणजे बांधताना कड आपोआप हनुवटीखाली आवळली जाते. त्या मास्कला बाजूची नाडी खालपर्यंत शिवू नका. खालचा इंचभर भाग मोकळा सोडा, नाही तर नेफा सरकणार नाही. नेफ्याला धोतराऐवजी रुबियाच घ्या, ती गुळगुळीत असल्यामुळे दाढीत अडकत नाही.